निगुरा पुंजाराम

"अबे ए! कोण हाय तिकडं? बैल सोडून राहिला का माया?"

पुंजारामनं मान वर केली नाही. गरम पाण्यात बुडवेल फडकं त्यानं बैलाच्या खांदावर दाबून धरलं होतं, अन् आता हात काढला असता तं शेक वाया गेला असता. मोर्णा नदीच्या रेतीत कापसानं भरेल बैलबंडी उभी होती. नुकतंच उजाडून राहिलं होतं. पलीकडच्या कापसाच्या जिनाचा भोंगा अजून झाला नव्हता. बंडीवर, कापसाच्या ढिगात झोपेल बंडीवाला धुरकरी बैल हाकाची पराणी घेऊन खाली उतरला. पातूरकडचा देवीदास तो. उंच, आवाज मोठा, डोक्याले पटका.

"सोडून नाई राहिलो, भाऊ. शेकून राहिलो."

"काहून?"

"खांद सुजली हाय ना याची. जू घासलं."

"ते मले दिसते. तू काहून शेकून राहिला? बैल तं माया हाय."

पुंजारामनं इचार केला. सरळ इचारलं तं सरळ सांगाव, असा त्याचा स्वभाव. "मले बरं वाटते."

देवीदास त्याच्या भवताल एक चक्कर मारून आला. मंग तोंडापाशी नाक नेऊन वास घेतला. "पेला तं नाई तू. मंग येडाच असशीन."

"असन," पुंजाराम म्हणाला, अन् फडकं बाजूले ठेवून पळसाच्या पानानं हळद-लोणी लावाले लागला. बैलानं मान खाली केली. लावता लावता पुंजारामच्या तोंडून निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

देवीदासचे डोळे चमकले. "हाओ! आयकलं बरं का मी!"

आता हे आवतन कायचं, तं पोळ्याचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडातला शेतकरी बैलाची खांद शेकते, हळद-लोणी लावते अन् त्याले जेवणाचं आवतन देते. दुसऱ्या दिवशी त्याले सजवून पुरणपोळी चारते. वर्षातून एकच दिवस. अन् हे दिवस तं हिवाळ्याचे होते, पोळा होऊन महिने झाले होते. पण हात शेकाले लागला का तोंड बोलते, अशी लहानपणापासूनची सवय.

"चुकून गेलं, भाऊ," पुंजाराम म्हणाला.

"चुकून गेलं तरी गेलं ना? बैलाले काय समजत नाई का? उद्या बंडी खाली करून याच वाटेनं जाणार हाओ मी. पुरण शिजवून ठेव."

अन् देवीदास हसत हसत बैल जुपून नदी उतरून बाजाराकडं गेला. पुंजाराम पाण्याचं भगुनं हातात घेऊन तसाच उभा.

पुंजाराम माळी होता. अकोल्याच्या जुन्या शहराच्या अंगाले, नदीकाठी त्याचा भाजीचा मळा. अर्धा मळा त्याचा, अर्धा मोठ्या भावाचा, वामनरावचा. मधात एकच विहीर, मोट पाळीपाळीनं चाले. बाप गेला तवा दोघंही लहान. बापाच्या बहिणीनं, सत्यभामा आत्यानं दोघाइले वाढवलं. आत्या बालविधवा, बोलणं कमी, देवपूजा जास्त.

या देवपूजेपासूनच पुंजारामच्या डोक्यात किडा शिरला. आत्या देवापाशी बसली का डोळे मिटे, अन् थोड्या वेळानं तिच्या गालावरून पाणी येई. चेहरा मात्र खुश. पोट्टं पुंज्या बाजूले बसून पाहे. तो बी डोळे मिटे. काहीच नाही होये. फक्त पायाले मुंग्या येत. मंग त्याले वाटे, आत्याले असं काय होत असन? अन् आपल्याले काहून होत नसन?

लग्न झालं, मिशा आल्या, तरी हा प्रश्न काही सुटला नाही. दिसन त्याले तो इचारे. दर्ग्यापाशी बसणाऱ्या फकिराले इचारलं, "बाबा, डोळे मिटले का तुमाले नेमकं काय होते?" फकीर म्हणे, "भूक लगती है." मोठं गंध लावणाऱ्या किराणावाल्याले इचारलं, तो म्हणे, "वांगे ठेव अन् निघ." भजनी मंडळात जाऊन बसला. आवाज फुटक्या घागरीवानी, पण त्याचं कोणाले काही नव्हतं. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. भजन रंगात आलं का हा बाजूच्या टाळकऱ्याले कोपर मारून इचारे, "तुले काई होऊन राहिलं का?" त्या बिचाऱ्याचा ताल सुटे. शेवटी त्याइनं पुंजारामले कंदील धराचं काम देलं, अन् मंग ते बी काढून घेतलं, कारण का कंदील घेऊन तो लोकाइच्या तोंडाजवळ जाऊन पाहे.

कोणीतरी सांगतलं, मौन धर. धरलं. पण माळ्याचं मौन कसं चालाचं? शकुन, त्याची बायको, घरी कामात होती म्हणून हा एकटा बाजारात टोपलं घेऊन बसला. बाया इचारत, "वांगे कसे देल्ले?" हा बोटं दाखवे. बाया त्यातली दोन बोटं खाली करत अन् वांगे घेऊन जात. मुक्या माळ्याचं समजल्यावर पलीकडच्या पेठेतून गिऱ्हाईक याले लागलं. दुपारी शकुन आली, टोपलं पाह्यलं, अन् भर बाजारात बोलली, "तुमचा देव तुमाले भेटन तवा भेटन! माया वांग्याचं काय?"

मौन तिथीच सुटलं.

मंग एका पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ घडली. मोटेचा म्हातारा बैल, पाखऱ्या. त्या उन्हाळ्यात मोट लय चालली होती, त्याची खांद सोलून निघाली होती. पुंजाराम शेकत होता. पयले पाखऱ्यानं अंग चोरलं. शेक लागत गेला तसे त्याचे डोळे बारीक झाले, अन् मंग त्यानं मानेचं सगळं वजन पुंजारामच्या हातावर सोडून देलं. केवढं ते वजन! पण पुंजारामले ते जड लागलं नाही. आतमध्ये सदा जे फिरत राहे, इचारत राहे, ते उभं राह्यलं. किती वेळ, ते त्याले कळलं नाही. शकुननं जेवाले हाका मारल्या त्या बी आयकू गेल्या नाहीत. ती पाहाले आली तं हा रडून राहिला होता.

"अवो, काय झालं? लात मारली का त्यानं?"

"शकुन, झालं वं."

"काय झालं?"

"तेच. आत्याले होते ते."

"बैलापाशी?" शकुन हसाले लागली. पोट धरून हसली. मंग तिनं पाह्यलं का हा हसत नाही, तवा तोंडावर पदर घेऊन गप झाली.

दुसरा कोणी असता तं तेवढ्यावर खुश होऊन बसला असता. पुंजाराम मात्र शोधाले लागला, का हे आलं कुठून? हळदीनं आलं? बिना हळदीचं शेकून पाह्यलं. दिवसाचं पुण्य का? दुसऱ्या दिवशी, चवथ्या दिवशी पाह्यलं. म्हैस शेकली, तिनं भगुनं उलथं केलं. शकुनची मान बी शेकून पाह्यली. ती म्हणे, "बरं वाटते हो, रोज करा," पण त्याले काही झालं नाही. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. जनावर ओझं ओढून आलेलं पायजे, त्याले दुखत पायजे, अन् आपला-परका न पाहता त्यानं भार आपल्या हातावर टाकला पायजे. तवाच. अन् ते बी दरवेळी नाही. आपण त्याची वाट पाहत बसलो तं नाहीच.

कापसाचे दिवस आले. पातूर-बाळापूरकडच्या बंड्या रातभर चालून पहाटे मोर्णेवर येत, बैलाइले पाणी पाजत, अन् मंग नदी उतरून बाजारात जात. एवढे बैल, एवढ्या खांदा! पुंजाराम भगुनं घेऊन नदीत उतरला. देवीदासची बंडी त्यातलीच.

तं ते आवतन. घरी येऊन त्यानं शकुनले सांगतलं. तिनं हातातला इळा खाली ठेवला.

"पुरण? आता? अन् ते बी लोकाच्या बैलाले?"

"आवतन देल्लं गेलं वं."

"तुमचं तोंड! बाजारात बोलाच्या वेळी मौन धरलं होतं. तवा नाई, आता धरा ना मौन!"

पण डाळ तिनं भिजू घातली. बैलाले जेवाले बोलवून उपाशी लावाचं, हे तिच्याच्यानं झालं नसतं.

देवीदास तं मजाकच करून राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो अर्धा विसरून गेला होता. खाली बंडी घेऊन नदी चढला, तं काठावर शकुन उभी. हातात परात, परातीवर फडकं.

"कुठी हायत ते पावणे?" तिनं इचारलं.

देवीदास बंडीवरून उतरला. बैल खाऊन राहिले होते तवा त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. शेवटी म्हणाला, "वयनी, मी हासलो काल. मनात धरू नका."

"धरलं हाय," शकुन म्हणाली. "पुढच्या खेपेले चण्याची डाळ तुमी आणाची."

त्यानं खरंच आणली. अन् पातूरच्या वाटेवर सगळ्याइले सांगत गेला. मंग काय, धुरकरी पुंजारामच्या काठालेच बंड्या थांबवाले लागले. काही चांगले, काही बदमाश. बदमाश बाजूले कान लावून उभे राहत, का कवा याच्या तोंडून आवतन निघते. शकुननंच इलाज काढला. शेकताना तोंडाले उपरणं बांधून टाके. नव्या माणसाले वाटे, बिचाऱ्याचे दात दुखून राहिले.

वामनरावले हे काही पटत नव्हतं. वामनराव वाईट माणूस नव्हता. भाऊ शिकला नाही, भावानं नाव काढलं नाही, तरी त्याच्या वाफ्याले पाणी कमी पडू देत नव्हता. पण नेमाचा पक्का. पूर्णेकाठच्या एका मठातल्या महाराजाइचा त्यानं गुरुमंत्र घेतला होता. अन् पुंजाराम अजून निगुरा. म्हंजे गुरू न केलेला. तशा माणसाच्या हातचं पाणी जुनी माणसं चालवून घेत नसत.

आखाजीले, म्हंजे अक्षयतृतीयेले, मेलेल्या बापाच्या नावानं नवी घागर भरतात. या घरात दोघं भाऊ मिळून भरत. वामनराव दोर ओढे, पुंजाराम घागर धरे. बापाचा चेहरा पुंजारामले आठवत नव्हता. वर्षातून तेवढी एक वेळ त्याले बाप असल्यावानी वाटे.

त्या वर्षी वामनराव येऊन म्हणाला, "पुंज्या, महाराज येऊन राहिले आपल्याकडं. मंत्र घेऊन टाक. महाराज सांगतात, निगुऱ्याच्या हातचं पाणी पितराले पोचत नाई."

"इतके वर्ष तं धरली मी घागर, दादा."

"तेच तं! इतके वर्ष बाप तान्हेला राह्यला असन का तुया पायी? सांग मले."

हा इचार पुंजारामनं कधी केला नव्हता. त्यानं वाद घातला नाही. "घेतो," म्हणाला.

शकुननं धोतर धुवून देलं, नारळ देला. वामनरावच्या ओसरीत माणसं जमली होती. आत्या आतल्या दारात बसेल. महाराज वयस्क, बारीक अंगाचे, आवाज हळू. त्याइनं नेम सांगतला. पहाटे आंघोळ, उगवतीकडं तोंड, सूर्य वर येईपर्यंत जप. तोपर्यंत जनावराले हात लावायचा नाही. जन्मभर.

"महाराज, दुपारी बसलो तं?" पुंजारामनं इचारलं. "कापसाच्या दिवसात बंड्या पहाटेच येतात."

"पहाटेच."

पुंजाराम नारळाकडं पाहत बसला. मंग म्हणाला, "एक इचारू काय?"

"नको!" वामनराव जोरात बोलला.

"विचारू दे त्याला," महाराज म्हणाले.

"जपाले बसले का तुमाले नेमकं काय होते?"

कोणीतरी खोकललं. महाराज पुंजारामकडं झुकले. मंग एवढ्या हळू बोलले का जवळच्या दोघातिघाइलेच आयकू गेलं. "पोरपणी व्हायचं काहीतरी. आता नेम आहे. नेम चालवतो."

पुंजारामले त्याइची दया आली. मनातलं तोंडावर, हा तं त्याचा रोगच. "मंग तुमी एकदा या ना, महाराज, नदीवर. गरम पाणी मी तयार ठेवीन. तुमाले बी होईन."

ओसरीत हासू फुटलं. वामनरावचा चेहरा काळाठिक्कर पडला. महाराज हासले नाहीत. म्हणाले, "तू अगोदर तुझं ठरव."

पुंजारामनं नारळ त्याइच्या पायापाशी ठेवला, अन् भावाकडं वळला. "दादा, मले नाई जमत. मंत्र घेईन अन् पहाटे चोरून नदीवर जाईन. मंग खोट्या माणसानं भरेल पाणी बाप पेईन का? अन् नदी सोडली तं... इतके वर्ष हुडकून हुडकून एवढं एकच भेटलं मले."

"बैलाची मान!" वामनराव ओरडला. "बापापेक्षा मोठी झाली बैलाची मान! मंग आयक. आजपासून घागरीले हात लावू नको. बापाच्या मधात येऊ नको."

पुंजाराम उठला. दारातून निघताना त्यानं आत्याकडं पाह्यलं. आत्या खाली मान घालून वाती वळून राहिली होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी पुंजाराम सकाळपासून मळ्यात काही ना काही उकरत राह्यला. जेवला नाही. उन्हाळा, नदी कोरडी, बंड्या बंद. दिवस कलला तवा त्यानं पाणी तापवलं अन् पाखऱ्यापाशी गेला. म्हातारा आता मोटेले लागत नव्हता, तरी खांदावरचा घट्टा होताच. पुंजारामनं तोंडाचं उपरणं सोडून टाकलं. शेकलं, हळद लावली. मंग खुल्या आवाजात, विहिरीपल्याड वामनरावच्या घरी बी आयकू जाईन असं बोलला, "बाबा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

शकुननं आयकलं. इचारलं नाही. डाळ भिजू घातली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर वामनरावनं एकट्यानं घागर भरली. एका हातानं दोर, एका हातानं घागर, अर्धं पाणी अंगावर. पुंजाराम मेथीच्या वाफ्यात उभा राहून पाहत होता. एक पाऊल पुढं टाकलं, अन् थांबला. मंग परात घेऊन गोठ्यात आला.

"पोचलं असन का वं?"

"मले काय मालूम," शकुन म्हणाली. "पाखऱ्या तं खाऊन राहिला." मंग ती त्याच्याकडं वळली. "तुमी सगळ्या जगाले इचारता. तुमाले काय होऊन राहिलं, ते सांगा ना."

पुंजारामनं परात पाखऱ्याच्या तोंडाशी अजून सरकवली. "बरं नाई वाटून राहिलं," तो म्हणाला. "पण खोटं बी नाई वाटून राहिलं."

त्यानंतर भावाइचं बोलणं बंद झालं नाही. पाण्याच्या पाळीचं बोलत, लोकाइच्या लग्नाचं बोलत. घागरीचं मात्र नाही. दर आखाजीले विहिरीवर वामनराव अन् गोठ्यात पुंजाराम. पाखऱ्या गेला, दुसरा बैल आला, आवतन तेच. कापसाच्या दिवसात पुंजाराम नदीत. त्याच्याजवळ येऊन कोणी म्हणे, "मले बी शिकव," तं तो म्हणे, "तुले बैलापाशी होईन असं काई नाई, बापा. तुया तू हुडक." एकाले तं त्यानं पतंग उडवाले लावलं होतं.

म्हातारा होऊन तो गेला नाही. एका हिवाळ्यात ताप आला, छाती भरली, अन् पुंजाराम गेला. नदीत बंड्या उभ्या होत्या. देवीदासनं खांदा देला. घाटावर वामनराव बाजूले उपरणं तोंडाले लावून उभा.

मंग आखाजी आली. आता घागर दोघाइची भराची होती, बापाची अन् भावाची. वामनराव विहिरीवर बसून राह्यला, दोर हातात, अन् उठेना. आत्याले धरून शकुननं तिथी आणलं. वामनरावनं इचारलं, "आत्या, जिवंतपणी निगुऱ्याच्या हातचं पोचत नाई म्हणतात. पण पितरच निगुरा असला, तं त्याले पाणी पोचते का?"

"न पोचाले काय झालं?" आत्या म्हणाली. "तुया बापाले पोचतेच ना."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? त्यानं कुठी गुरू केला होता? कोणाच्या पाया पडाले गेला नाई कधी. तुया सोयरिकीच्या वक्ताले लोकाइनं इचारलं, घर सगुरं हाय का. मी हाओ म्हणलं. सोयरीक मोडाची होती का?"

वामनरावनं हे कोणाले सांगतलं नाही. आत्या गेली, वामनराव गेला, त्याच्या मागून शकुननंच एका दुपारी भाजीच्या जुड्या बांधता बांधता शेजारणीले सांगतलं. ज्या बापाच्या घागरीवरून पुंजारामले हटवलं, तो बाप बी निगुराच होता.